सामाईक विहीर

सातबाराच्या उताऱ्यावर आपल्याकडे एक शब्द हमखास आढळतो: 'सामाईक विहीर'. भावाभावांच्या वाटण्या होतात, शेते तुटतात, मधे बांध पडतात. पण विहीर काही कापून वाटता येत नाही. मग ती सामाईक राहते. एकाचा आठ आणे हिस्सा, दोघांचा चार चार आणे. आज याची पाळी, उद्या त्याची. पाळी चुकली की भांडण, आणि भांडण विकोपाला गेले की तालुक्याच्या कोर्टाची वाट. अशा विहिरीपायी एकमेकांचे तोंड न पाहणारी घराणी तुम्हीही पाहिली असतील. आणि त्याच एका विहिरीवर तीन तीन पिढ्या सुखाने भिजलेली शिवारेही पाहिली असतील. विहीर तीच, फरक पडतो तो पाळ्यांचा.

या विहिरीची आठवण मला दर दिवाळीत होते, आणि तीही जेथे विहिरीपेक्षा समुद्रच अधिक जवळ आहे अशा वर्सोव्यात. येथले मूळचे कोळी लोक या गावाला अजून वेसावेच म्हणतात. पूर्वी पाडव्याला घरात सोने यायचे, ते न जमले तर निदान एखादे तांब्यापितळेचे भांडे. आता मुलाबाळांसाठी संगणक येतो. खोक्यावर ठसठशीत छापलेले असते, 'मेमरी ८ जीबी'. यंत्र घरी येते, त्याला हळदकुंकू लागते, आणि घरातला एखादा चिकित्सक मुलगा आतली माहिती उघडून बसतो. तेथे लिहिलेले असते की आठपैकी पुरे आठ वापरण्याजोगे नाहीत. काही भाग यंत्रासाठी राखून ठेवला आहे. आणखी एका ठिकाणी ग्राफिक्सच्या नावापुढे 'सामाईक मेमरी' म्हणून जवळजवळ चार जीबीचा आकडा दिसतो. झाले! फराळाचे ताट बाजूला राहते आणि दुकानदाराचा उद्धार सुरू होतो. या यंत्रांशी माझा जुना परिचय असल्यामुळे ही तक्रार शेवटी माझ्या दारी येते. "काका, पैसे आठचे घेतले आणि निम्मी मेमरी कोणी खाल्ली?"

कोणी खाल्लेली नसते. विहीर सामाईक आहे, एवढेच. पण हे सामाईकपण म्हणजे गरिबाघरची तडजोड, खऱ्या यंत्राला स्वतंत्र ग्राफिक्स कार्डच हवे, असा एक समज लोकांत रुजला आहे. त्या समजाचीच हकिकत येथे सांगावयाची आहे. ती पंचाहत्तर वर्षांहून जुनी आहे, तिचा एक धागा मुंबईतून आणि वर्सोव्याच्या अगदी शेजारून जातो, आणि आपली देवनागरी अक्षरे पडद्यावर कशी आली, हा प्रश्नही तिच्यातच गुंतलेला आहे.

*

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. पडद्याला मेमरी लागतेच कशाला?

संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आज घरोघरी जो साधा चांगला पडदा असतो त्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यात कोणता रंग भरायचा याची नोंद कोठेतरी ठेवावी लागते, आणि एका ठिपक्याच्या नोंदीला साधारणपणे चार बाइट जागा लागते. म्हणजे एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट. इतक्यावर भागते असे नाही. ही रांगोळी पडद्यावर टिकत नाही. ती सेकंदाला साठ वेळा नव्याने घालावी लागते. तेव्हा कोणीतरी सतत नोंदवहीपाशी बसून सेकंदाला साठ वेळा ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत राहिले पाहिजे. हे काम पडद्याच्या मंडलाचे.

आता ही नोंदवही ठेवायची कोठे? दोन मार्ग आहेत. एक, पडद्यासाठी स्वतंत्र मेमरी द्यावी. तीत मुख्य प्रोसेसरची लुडबूड नको. दुसरा, यंत्राची जी मुख्य मेमरी आहे, जीत हिशेब, पत्रे, गाणी सारे काही राहते, तिच्यातच एक कोपरा पडद्याला द्यावा. पहिला मार्ग म्हणजे स्वतःची विहीर, दुसरा सामाईक. संगणकाचा इतिहास या दोन मार्गांमध्ये झोके घेत आला आहे.

*

प्रारंभी तर हे दोन्ही मार्ग वेगळे झालेलेच नव्हते. १९४८ साली इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी जे यंत्र चालवून दाखविले त्याची मेमरी म्हणजेच एक पडद्याची नळी होती. जुन्या दूरचित्रवाणी संचात असायची तशी काचेची नळी. तिच्या तोंडावर विजेच्या भाराचे ठिपके मांडायचे, आणि ते विरण्याआधी वाचून पुन्हा मांडायचे. तिच्यात सारे मिळून १,०२४ ठिपके मावत. शेजारी जोडलेल्या दुसऱ्या नळीवर यंत्राच्या मनात काय चालले आहे ते डोळ्यांनी दिसे. उत्तर वाचायचे तेही त्या ठिपक्यांतूनच. यंत्राची स्मृती आणि यंत्राचे चित्र यांचे इतके निकटचे नाते पुढे क्वचितच राहिले.

त्यानंतर काही वर्षांतच मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतःचे गणकयंत्र बांधावयास घेतले. तेव्हा संगणक हा शब्द रुळायचा होता. लोक गणकयंत्रच म्हणत. आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली आधी एक लहान प्रायोगिक यंत्र झाले, आणि १९६० साली मोठे यंत्र कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने १०,२४० बाइट. आणि विशेष म्हणजे त्याला आलेख व अक्षरे दाखविणारा पडदाही जोडलेला होता!

गणिताची गंमत अशी की आज आपल्या टेबलावरच्या पडद्याचे एकच चित्र साठवावयाचे तर असे ८१० टिफ्रॅक लागतील. यावरून कळेल की त्या काळी सबंध चित्राची नोंदवही ठेवण्याची चैन कोणालाच परवडणारी नव्हती. मेमरी ही सोन्याच्या भावाची वस्तू होती, आणि पडद्याला त्यातला वाटा देणे म्हणजे दुष्काळात बागेला पाणी घालण्यासारखे होते.

हे धाडस प्रथम मोठ्या प्रमाणावर केले ते अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी. १९७३ साली त्यांनी 'आल्टो' नावाचे यंत्र बनविले. त्याचा पडदा कागदासारखा उभा, ६०६ गुणिले ८०८ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला फक्त एक बिट, काळा किंवा पांढरा. तरीसुद्धा त्या चित्राला ६१ हजारांवर बाइट लागत. यंत्राची सारी मेमरी १२८ किलोबाइट. म्हणजे जवळजवळ निम्मी मेमरी एकट्या पडद्याने घेतलेली! त्या काळच्या काटकसरी माणसांना हा उधळेपणा वाटला असल्यास नवल नाही. पण पडद्यावर खिडक्या उघडणे, हव्या त्या वळणाचे अक्षर काढणे, चित्राकडे बोट दाखवून काम करून घेणे, या आज अंगवळणी पडलेल्या गोष्टींना त्या सामाईक विहिरीचे पाणी मिळाले आहे.

*

सामाईक विहिरीत खरी अडचण पाण्याच्या साठ्याची नसते, पाळीची असते. प्रोसेसरला मेमरीतून काहीतरी काढावयाचे आहे आणि नेमके त्याच क्षणी पडद्यालाही काढावयाचे आहे. दोर एकच. मग एकाने थांबावे लागते. पडदा थांबला तर चित्रात पांढरे ठिपके उडतात. म्हणून बहुधा प्रोसेसरच थांबतो, आणि सारे यंत्र मंदावते.

या भांडणावर एक फार सुंदर तोड निघाली होती, आणि ती आपल्या कित्येक शाळांतील मुलांनी नकळत वापरली आहे. १९८१ च्या डिसेंबरात इंग्लंडातील एकॉर्न कंपनीने 'बीबीसी मायक्रो' हा छोटा संगणक आणला. त्याची मेमरी सेकंदाला ४० लाख वेळा वापरता येई. प्रोसेसरला मात्र त्यातल्या २० लाख वेळाच पुरत. मग रचनाकारांनी काय केले? एक पाळी प्रोसेसरची, एक पाळी पडद्याची; पुन्हा एक याची, एक त्याची. घड्याळाच्या लंबकासारखे. कोणी कोणासाठी थांबायचे नाही, कोणी कोणाच्या पाळीत हात घालायचा नाही. दोन शहाण्या भावांनी एकाने दिवसा आणि दुसऱ्याने रात्री पाणी घ्यावे, तसाच हा प्रकार.

१९८४ साली केंद्र सरकारने शाळांतून संगणकाची ओळख करून देण्यासाठी 'क्लास' नावाची योजना काढली. सुरुवातीला देशातील २५० शाळा घेतल्या होत्या, आणि त्यांना देण्यात आलेले यंत्र हेच बीबीसी मायक्रो. ज्यांनी त्यावर काम केले त्यांना त्याची एक मौज आठवत असेल. यंत्राची मेमरी ३२ किलोबाइट. सर्वांत रेखीव चित्राची पद्धत निवडली की पडदा त्यातली २० गिळून टाकी. उरलेल्या बारांतून यंत्राची स्वतःची गरज भागवून विद्यार्थ्याच्या हाती फारच थोडे राही. म्हणजे चित्र सुरेख हवे असेल तर कार्यक्रम आखूड लिहा, आणि कार्यक्रम मोठा हवा असेल तर चित्राची हौस आवरा! मिळकत एकच असली की लग्नाचा मांडव मोठा घालायचा की घराचे छप्पर शाकारायचे, हा प्रपंचातला जुना प्रश्न. तो त्या यंत्राने शाळकरी वयातच मुलांपुढे ठेवला.

त्याच यंत्रात एक काटकसरीची पद्धतही होती. तीत पडदा फक्त एक किलोबाइट घेई. ते कसे साधले? तीत ठिपक्यांची नोंद ठेवीत नसत. अमुक जागी अमुक क्रमांकाचे अक्षर एवढेच टिपून ठेवीत. अक्षराचा ठसा यंत्रात कायमचा कोरलेला असे, आणि क्रमांक पाहून तो पडद्यावर उमटविला जाई. छापखान्यातल्या खिळ्यांसारखेच. पण हे खिळे होते रोमन लिपीचे. आणि येथेच आपल्या भाषेचे घोडे अडले.

*

१९८१ सालीच आयबीएम कंपनीचा 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आला आणि पाहता पाहता त्याने जग व्यापले. या यंत्राने सामाईक विहिरीचा मार्ग सोडून दिला. पडद्यासाठी वेगळे कार्ड, आणि त्या कार्डावर पडद्याची स्वतःची मेमरी. कचेऱ्यांसाठी जे कार्ड होते त्यावर ४ किलोबाइट मेमरी असे. पडद्यावर २५ ओळी, एका ओळीत ८० अक्षरे, मिळून २,००० जागा. दर जागेला दोन बाइट, एक अक्षराच्या क्रमांकाचा आणि एक त्याच्या ठळकपणाचा. हिशेब चोख. पण ठसे २५६ आणि तेही कोरलेले. हिशेबनिसाला ते पुरत. मराठी माणसाने काय करावे? जुन्या छापखान्यात देवनागरीच्या खिळ्यांची घरे शेकड्यांनी असत. आपल्या अक्षराला शिरोरेघेच्या वर वेलांटी, खाली उकार, मागे काना, आणि वर जोडाक्षरांचा गोतावळा. हे सारे त्या ठराविक चौकटीत आणि २५६ ठशांत बसावयाचे कसे?

ही अडचण एकट्या आपलीच नव्हती. थायलंडचे व्हॅन सुवन्नुकुल हे गृहस्थ अमेरिकेत होते. त्यांना आपला प्रबंध आयबीएमच्या यंत्रावर थाई लिपीत लिहावयाचा होता, आणि यंत्र तर दाद देईना. तेव्हा त्यांनी स्वतःच एक कार्ड तयार केले. त्यावर ६४ किलोबाइट मेमरी होती आणि पडद्यावर ७२० गुणिले ३४८ ठिपके हवे तसे मांडता येत. ठिपके हाती आले म्हणजे कोणतीही लिपी काढता येते. १९८२ साली ते कार्ड 'हर्क्युलीस' नावाने विकावयास आले आणि जगभर गेले. आशियातल्या एका लिपीच्या गरजेतून निघालेले हे कार्ड पुढे कोणकोणत्या देशांतल्या कचेऱ्यांत जाऊन बसले!

आपल्याकडे हे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जी पद्धत बसविली ती 'जिस्ट' या नावाने ओळखली जाते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तिने हे काम पुढे नेले. संगणकाच्या खाचेत एक जिस्ट कार्ड बसवावे, की केवळ रोमन अक्षरांसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतूनसुद्धा देवनागरी अक्षरे पडद्यावर उमटू लागत. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या सांकेतिक क्रमांकांचे प्रमाणही ठरले. तेव्हा स्वतंत्र विहिरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपले अक्षर त्या काळी आले ते कोणीतरी आपली वेगळी विहीर खणली म्हणूनच. पण ही विहीर ज्याने विकत घेतली त्याच्यापुरती होती. ज्याच्या यंत्रात कार्ड नाही त्याच्या पडद्यावर 'ज्ञानेश्वर' हे नाव लिहिण्याचीही सोय नव्हती.

*

आता वर्सोव्याच्या शेजारी जाऊ. येथून दक्षिणेला थोडेसे गेले की जुहू लागते. तेथे गुलमोहर क्रॉस रोडवर १९८५ पासून 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' ही संस्था होती. पुढे ती सी-डॅकमध्येच विलीन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्याच एका गटातून ती निघालेली, म्हणजे टिफ्रॅकच्या घराण्यातलीच म्हणायची. संगणकावरील चित्रकला हा तिच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय. याच संस्थेत र. कृ. जोशी काम करीत. मराठी वाचक त्यांना अक्षरांशी खेळणारे कवी म्हणून ओळखतो. सुलेखनकार म्हणून त्यांचा अधिकार मोठा होता, आणि आयआयटीत त्यांनी अक्षररचनेचे अध्यापनही केले. २००८ साली ते गेले. त्यांनी संगणकासाठी काढलेले 'मंगल' हे देवनागरी अक्षरवळण 'विंडोज २०००' बरोबर जगभर गेले. त्यासाठी वेगळे कार्ड नको, वेगळी खरेदी नको. शिरोरेघ, वेलांटी, रफार, जोडाक्षर, सारे ठिपक्याठिपक्यांनी यंत्राच्या मेमरीत रेखाटायचे आणि पडद्यावर आणायचे.

आणि योगायोग पाहा. ज्या सुमारास हे अक्षर तयार झाले त्याच सुमारास सामाईक विहीर पुन्हा चालू झाली होती. मधल्या काळात तिची अब्रू गेली होती. १९८४ साली आयबीएमनेच घरगुती वापरासाठी एक स्वस्त यंत्र काढले, 'पीसीज्युनिअर'. त्यात पडदा मुख्य मेमरीतूनच वाटा घेई, पण पाळ्यांची व्यवस्था अशी की प्रोसेसर ताटकळत राही. यंत्र मंद ठरले, १९८५ मध्ये बंद पडले, आणि सामाईक मेमरी म्हणजे दळभद्री मेमरी हा शिक्का बसला. याच्या उलट १९९६ साली सिलिकॉन ग्राफिक्स या नामांकित कंपनीने 'ओटू' नावाचे यंत्र काढले. ते चित्रांच्या कामासाठीच होते, किमतीनेही भारी होते, आणि त्यात मेमरी एकच होती, सर्वांची मिळून! पण शिक्का पुसला गेला नाही. कारण महाग यंत्र थोड्यांनी पाहिले, स्वस्त यंत्र सर्वांनी.

१९९९ साली इंटेल कंपनीने '८१०' नावाचा चिपसेट आणला. चित्रे काढणारा भाग त्याच्या अंगातच होता आणि मेमरी तो मुख्य साठ्यातून घेई. ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून यंत्र जोडून घेण्याचा तो काळ. ज्या मध्यम स्थितीतल्या घरांना चार पैसे वाचले म्हणूनच संगणक घेता आला, त्यांपैकी पुष्कळांचा पडदा या असल्या मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सवर चालत असे. खेळ अडखळत, हे खरे. पण त्याच पडद्यावर आजोबांनी पहिले मराठी पत्र टंकलिखित केले. स्वतंत्र विहिरीने अक्षर आणले. सामाईक विहिरीने ते घरोघर पोचविले. या हकिकतीचे मर्म मला येथे वाटते.

*

आता त्या पाडव्याच्या तक्रारीचा निकाल लावू.

यंत्र सुरू होताच मेमरीचा एक लहान तुकडा पडद्यासाठी राखून ठेवला जातो. हा तुकडा मुख्य साठ्यातून कायमचा वजा होतो. म्हणून आठ जीबी पुरे आठ दिसत नाहीत. दुसरा तो मोठा, 'सामाईक' म्हणून दिसणारा आकडा. विंडोजमध्ये तो साधारणपणे एकूण मेमरीच्या निम्मा असतो. तो घेतलेल्या पाण्याचा आकडा नव्हे. फार तर इतके घेता येईल, या हक्काचा आहे. गरज पडेल तेव्हा चित्राचा भाग त्यातून उसने घेतो आणि काम झाले की परत करतो. पत्र लिहिताना थोडे, खेळ खेळताना अधिक. तेव्हा दुकानदाराला दिलेल्या शिव्या परत घ्याव्यात.

पण दुकानदाराला एक प्रश्न मात्र विचारावा, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. विहीर किती खोल, हे सारेच विचारतात; तिच्यावर मोटा किती चालतात, हे कोण विचारतो? साताऱ्याजवळ लिंब गावी अठराव्या शतकातली प्रसिद्ध बारा मोटेची विहीर आहे. तिचे नाव तिच्या खोलीवरून पडलेले नाही. एका वेळी किती मोटा चालत यावरून पडले आहे. पाण्याचा साठा अफाट आणि मोट एकच असेल, तर शिवार कोरडेच राहायचे. मेमरीचेही तसेच. डीडीआर-४ जातीची ३,२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २,५६० कोटी बाइट देऊ शकते. तशा दोन पट्ट्या जोडीने बसविल्या की ५,१२० कोटी. पडद्यावर तयार चित्र नुसते दाखवीत राहावयाचे तर सेकंदाला ५० कोटी बाइट पुरतात. ते एका मोटेलाही जड नाही. जड जाते ते चित्र घडविणे. खेळातले डोंगर, पाणी, सावल्या रेखाटताना एकेक ठिपका कितीदा तरी रंगवावा आणि पुसावा लागतो. तेव्हा आठ जीबी घ्यायचेच असतील आणि यंत्रात सोय असेल, तर आठाच्या एका पट्टीपेक्षा चार चारच्या दोन बऱ्या. खोली तीच, मोटा दोन.

*

२०१० च्या सुमारास चित्राचा भाग मदरबोर्डवरून उठून प्रोसेसरच्याच घरात राहावयास आला, आणि २०११ मध्ये इंटेल व एएमडी या दोघांनीही एकाच चिपेवर दोघांचा संसार मांडला. २०१३ मध्ये आलेल्या 'प्लेस्टेशन ४' या खेळाच्या यंत्रात प्रोसेसर आणि चित्र यांना मिळून ८ जीबीची एकच मेमरी होती, आणि तिच्या मोटा इतक्या की सेकंदाला १७,६०० कोटी बाइट उपसले जात. २०२० साली ॲपलने 'एम१' ही चिप आणली आणि हीच गोष्ट 'एकसंध मेमरी' म्हणून अभिमानाने जाहिरातीत सांगितली. जी उणीव म्हणून लपविली जाई तीच आता गुण म्हणून मिरवू लागली. यात नुसता जाहिरातीचा डाव नाही. स्वतंत्र कार्ड असले की प्रत्येक वस्तू आधी मुख्य मेमरीतून उचलून कार्डाच्या मेमरीत वाहून न्यावी लागते. दोन घरांत रोज डब्यांची ने-आण. एकाच साठ्यात ती हेलपाट वाचते. वेसाव्याच्या बाजारात मासळीच्या पाटीशेजारी ठेवलेला मोबाइल घ्या, नाहीतर परदेशी गेलेल्या लेकीचा चेहरा दाखविणारा टॅबलेट घ्या. त्यांतल्या चिपेतही विहीर सामाईकच असते.

स्वतंत्र विहिरीचे दिवस संपले असे मात्र समजू नये. अंधेरी-वर्सोवा हा चित्रपटवाल्यांचा मुलूख. येथे सिनेमाची दृश्ये जुळविणारी आणि खोटे वाघ-समुद्र खरे भासविणारी जी मंडळी आहेत, त्यांना मोठे कार्ड आणि त्यावरची स्वतंत्र, वेगवान मेमरी अजून लागते. ज्याचा बारमाही ऊस आहे त्याने स्वतःची विहीर खणावीच. शिवाय नव्या सामाईक यंत्रांतही एक मेख आहे: पुष्कळ लॅपटॉपमध्ये मेमरी कायमची जोडलेली असते, पुढे वाढविता येत नाही. पूर्वी कमी पडली की आणखी एक पट्टी खोचता येई. आता विहीर पहिल्या दिवशी जितकी खणाल तितकीच आयुष्यभर. म्हणून अशा यंत्रात पडद्याचा वाटा मनात धरूनच मेमरी घ्यावी. आठाचा मोह टाळून सोळा घेता आल्या तर पाच वर्षांनी आपण स्वतःलाच धन्यवाद द्याल.

आमच्या वेसाव्याच्या किनाऱ्यावर वाळूची पुळण एकच. होड्या ओढून ठेवायच्या तिच्यावरच, जाळी पसरून विणायची तिच्यावरच, बोंबील वाळवायचे तिच्याच कडेला, आणि मुलांचा क्रिकेटचा डावही तिच्यावरच मांडला जातो. कोणाची वेळ कोणती हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहे, म्हणून ती सर्वांना पुरते. यंत्रशास्त्रज्ञांना जे शोधावयास इतकी वर्षे लागली ते याहून फारसे निराळे नाही. साठा पुरेसा हवा, मोटा पुरेशा हव्यात आणि पाळी पाळणारी माणसे हवीत. मग विहीर सामाईक आहे की स्वतंत्र, याचा कमीपणा कोणी मानावयास नको.

या दिवाळीत तुमच्या पडद्यावर कोणाकडून तरी 'शुभ दीपावली' हे दोन शब्द येतील. तो 'शु'चा उकार आणि 'दी'ची वेलांटी नीट जागच्या जागी बसलेली पाहाल, तेव्हा क्षणभर ध्यानात असू द्या की त्या ठिपक्यांनी यंत्रातल्या विहिरीवरची आपली पाळी घेतली आहे, आणि शेजाऱ्याची पाळी चुकू दिलेली नाही.